ड्रमरशिवाय हार्डकोअर : यंत्राच्या ठेक्यावर बँड कसा उभारावा

हार्डकोअर पंकमध्ये, म्हणजे पंक रॉकच्या वेगवान, आक्रमक प्रकारात, ड्रमर हा बँडचा कणा समजला जातो आणि तो समज चुकीचा नाही. गाणे जेमतेम दीड मिनिटाचे, गती मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या आसपास आणि मध्येच ती निम्म्यावर आणणारी वळणे, हे सगळे एका माणसाच्या हातापायांवर तोललेले असते. म्हणून ड्रमर सोडून गेला की बहुतेक बँड तिथेच मोडतात किंवा नव्याच्या शोधात सहा-सहा महिने घालवतात. ड्रमर न शोधताच पुढे जाण्याची वाट मात्र चांगली मळलेली आहे. पॅरिसमध्ये मेताल युर्बें या बँडने १९७७ च्या सुमारासच ड्रम मशीनवर पंक वाजवले होते. शिकागोलगतच्या इव्हॅन्स्टनमध्ये स्टीव्ह अल्बिनी यांनी पुढे बिग ब्लॅक हा बँड सुरू केला तो रोलँड कंपनीच्या टीआर-६०६ या यंत्रावर, आणि श्रेयनामावलीत ड्रमरच्या जागी सरळ 'रोलँड' असे नाव छापले. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेशने १९८८ पासून संथ, जडशीळ गतीत हाच मार्ग धरला, तर मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅगोराफोबिक नोजब्लीडने २००३ मध्ये सुमारे शंभर तुकड्यांचा अल्बम वीस-एकवीस मिनिटांत संपवला, तोही यंत्राच्याच जोरावर.

या बँडांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांनी यंत्राला माणसाचे सोंग घ्यायला लावले नाही. नवखा बँड नेमका इथेच फसतो. तो खऱ्या ड्रमचे आवाज गोळा करतो, ठोके मुद्दाम किंचित मागेपुढे सरकवतो आणि अखेरीस सुट्टीवर गेलेल्या ड्रमरची आठवण करून देणारे काहीतरी तयार होते. एकल तबलावादनाची बैठक आठवावी. तिथे हार्मोनियम लेहरा, म्हणजे आवर्तनागणिक तीच ती सुरावट, धरून बसते, तो अजिबात बदलत नाही आणि तबला त्याच्याभोवती मोकळा फिरतो. ड्रमर नसलेल्या बँडमध्ये ही वाटणी उलटी होते. यंत्र लेहरा धरते आणि मोकळे फिरण्याचे काम गिटार, बास व आवाज यांच्याकडे येते. पुढचे सगळे निर्णय या वाटणीला धरून घ्यावेत.

यंत्राची निवड

यंत्रावर फार काळ अडून बसू नये. संगणक हाताशी असल्यास हायड्रोजन हे मोफत सॉफ्टवेअर सरावासाठी पुरेसे आहे. स्वतंत्र यंत्र घ्यायचे असल्यास बेहरिंगरचे आरडी-६, जे जुन्या ६०६ च्या धर्तीवर बनवले आहे, किंवा १९९० पासून बाजारात असलेले अलेसिसचे एसआर-१६, यांपैकी जे सेकंड हँड मिळेल ते चालेल. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. वाजत असतानाच पुढचा पॅटर्न (ठेक्याचा साचा) निवडता येतो का, पायाने चालू-बंद करण्याची सोय आहे का आणि किक (खालच्या स्वराचा मोठा ढोल) व स्नेअर (कडकडीत आवाजाचा छोटा ड्रम) वेगवेगळ्या वायरींनी बाहेर काढता येतात का. आवाजांची संख्या गौण आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या ६०६ मध्ये मोजून सात आवाज होते आणि बिग ब्लॅकला त्यांची कधी वाण पडली नाही.

६०६ हे यंत्र टीबी-३०३ या बास यंत्राच्या जोडीला बनवले होते; एकट्याने वाजवणाऱ्याला साथ मिळावी एवढाच त्या जोडीचा हेतू होता. त्याच ३०३ ला रोलँडचे ८०८ हे ड्रम यंत्र जोडून चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रागांवर आधारित अल्बम केला. हार्डकोअरशी त्याचा काही संबंध नाही, पण यंत्राला भलत्याच कामाला जुंपण्याचे उदाहरण इतके घराजवळ असताना ते सांगायचे राहू नये.

ठेका लिहिणे

बहुतेक यंत्रांत एक पॅटर्न सोळा घरांचा असतो. तीनतालाच्या सोळा मात्रांशी त्याची गल्लत करू नये, कारण इथे चार घरे मिळून एक ठोका होतो आणि सोळा घरांत चारच ठोके बसतात. सुरुवात डी-बीट या हार्डकोअरच्या धावत्या ठेक्यापासून करावी. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या बँडवरून त्याला हे नाव पडले. किक १, ७ आणि ११ या घरांत, स्नेअर ५ आणि १३ या घरांत आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) प्रत्येक विषम घरात ठेवावी. तोंडाने म्हणायचे झाल्यास 'ढं ऽ टा ढं ऽ ढं टा ऽ' असे होते. हा बोल यंत्र न लावता, मांडीवर थाप देत, झोपेतही म्हणता येईल इतका घटवावा. नंतर तो गिटारच्या उजव्या हातात आपोआप उतरतो.

आता हिशेब पाहावा. २०० च्या गतीत एक ठोका ३०० मिलिसेकंदांचा, एक घर ७५ मिलिसेकंदांचे आणि सोळा घरांचे आवर्तन १.२ सेकंदांचे असते. म्हणजे एका मिनिटाच्या गाण्यात पन्नास आवर्तने बसतात. एवढी जागा हाताशी असताना चार पॅटर्नपेक्षा जास्त लिहू नयेत, असे माझे मत आहे. एक धावता, एक निम्म्या गतीचा, एक नुसत्या किकचा आणि एक पूर्ण रिकामा. हा रिकामा पॅटर्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ड्रमर वळण घेण्याआधी टॉमवर (मधल्या आकाराच्या ड्रमवर) भरणा करतो आणि त्या भरण्यातून इतरांना इशारा मिळतो. यंत्राने केलेला तसाच भरणा दुसऱ्यांदा ऐकताना खोटा वाटतो, कारण तो पहिल्याबरहुकूम असतो. त्याऐवजी वळणापूर्वी एक आवर्तन यंत्र गप्प ठेवावे आणि त्या सव्वा सेकंदात गायकाची एकच ओळ किंवा गिटारचा फीडबॅक सोडावा. ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, आणि पुढच्या आवर्तनाला यंत्र परतते तेव्हा त्याचा घाव दुप्पट बसतो.

ब्लास्ट बीटच्या, म्हणजे किक-स्नेअरच्या अखंड भडिमाराच्या, बाबतीत यंत्राचा मोह आवरावा. किक आणि स्नेअर आळीपाळीने प्रत्येक घरात भरल्यास २०० च्या गतीत सेकंदाला तेरा-चौदा ठोके होतात. चांगला ड्रमरही तेवढे वाजवतो. गती ३०० वर नेली की सेकंदाला वीस ठोके होतात, आणि त्याच्या आसपास कान ठोके वेगळे ऐकणे सोडून देतो व त्यांचा एक घरघरता स्वर बनू लागतो. हा परिणाम माणसाच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळेच उपयोगी आहे, पण तो दोन-तीन सेकंदांपुरता वापरावा. अर्धा मिनिट चालला तर शेजारच्याने मिक्सर लावून ठेवल्यासारखे वाटते.

प्रयोगाला खरा वाव पॅटर्नची लांबी बदलण्यात आहे. सोळाऐवजी पंधराव्या घरावर पॅटर्न तोडावा आणि गिटारने सोळा घरांचेच रिफ (पुन्हापुन्हा येणारा सुरांचा तुकडा) वाजवत राहावे. प्रत्येक आवर्तनाला यंत्र एक घर पुढे सरकते, स्नेअर रिफच्या भलत्याच जागी पडू लागतो आणि २४० घरांनंतर, म्हणजे २०० च्या गतीत बरोबर अठरा सेकंदांनी, दोघे पुन्हा एकत्र समेवर येतात. ड्रमरला हे शिकवायला आठवडे लागले असते, कारण त्याचा कान त्याला सतत गिटारकडे ओढतो. यंत्राला कान नाही, आणि इथे तेच हवे आहे. गिटारवादकाने मात्र या अठरा सेकंदांत यंत्राकडे लक्ष न देता पायाने स्वतःची लय धरून ठेवायची असते. सुरुवातीला १२० च्या गतीत बसून करावे. पहिले काही दिवस सम हुकते आणि हसू येते.

आवाज

यंत्राचा आवाज थेट मिक्सरला जोडला की तो पातळ आणि स्वच्छ येतो व गिटारच्या भिंतीपुढे खेळण्यातला वाटतो. तो मळवावा लागतो. किक बास अ‍ॅम्पमधून काढावी. स्नेअर हलक्या डिस्टॉर्शनमधून (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमधून) गिटार अ‍ॅम्पला द्यावा. गिटारचे स्पीकर फार वरचे आणि फार खालचे स्वर गाळतात, त्यामुळे स्नेअरचा मधला कडकपणा तेवढा उरतो. हाय-हॅट मात्र कोरडीच ठेवावी आणि शक्य तितकी मागे ठेवावी, कारण डिस्टॉर्शनमधून गेलेली हाय-हॅट दहा मिनिटांत कान किटवते. सगळे आवाज एकाच वायरीने बाहेर पडत असतील तर डिस्टॉर्शन अगदी बेताचे वापरावे, नाहीतर प्रत्येक किकसरशी हाय-हॅट गिळली जाते. हीच चूक कधीकधी गाणे घडवते, हेही खरे.

बास गिटारने किकला जागा करून द्यावी. किकचा जोर साधारण ६० ते १०० हर्ट्झमध्ये असेल, तर बासचा तेवढाच पट्टा थोडा उतरवावा आणि तिला मधल्या स्वरांत खरखरीत डिस्टॉर्शन द्यावे, म्हणजे ती अर्धे काम तालवाद्याचे करते. अल्बिनी खाच पाडलेल्या धातूच्या पिकने वाजवत असत, त्यामुळे प्रत्येक आघाताला दोन पिक एकदम लागल्यासारखा आवाज येई. तारेवरचा आघात ऐकू आला पाहिजे, कारण ठेक्याचे वळण आता तिथूनच कळणार आहे.

यंत्रच नको असेल तर जाड प्लायवुडच्या तुकड्याखाली पिझो चकती (कंपनाचा विजेचा संकेत करणारी) चिकटवून तिची वायर प्रीअ‍ॅम्पमार्गे (संकेत अ‍ॅम्पजोगा करणाऱ्या छोट्या यंत्रामार्गे) बास अ‍ॅम्पला जोडावी व गायकाने त्यावर पाय आपटावा. प्रीअ‍ॅम्प वगळू नये. तो नसल्यास पत्र्याचा डबा वाजल्यासारखे ऐकू येते. मात्र १६० च्या पुढच्या गतीत पाय साथ देत नाही, त्यामुळे ही युक्ती संथ गाण्यांपुरतीच ठेवावी.

सराव आणि मंच

ड्रमर थकला की बँड नकळत त्याच्याबरोबर मंदावतो आणि कोणाचेच पितळ उघडे पडत नाही. यंत्र थकत नाही. २०० च्या गतीत ठोक्याला दोन या हिशेबाने सगळे आघात खालच्या दिशेने करायचे तर मिनिटाला ४०० होतात, आणि दुसऱ्या मिनिटाला गिटारवादकाचे मनगट बोलू लागते. म्हणून सराव १४० पासून सुरू करून एका बैठकीत पाचापेक्षा जास्त गती वाढवू नये. जॅम रूमचे भाडे तासावर असते आणि घाई करावीशी वाटते. तरी गतीची चढण घरीच चढावी आणि जॅम रूममध्ये फक्त वळणे पक्की करावीत.

संपूर्ण गाणे आधीच ओवून ठेवून एक बटण दाबायचे, की प्रत्येक पॅटर्न वाजवतानाच बदलायचा, हा प्रश्न प्रत्येक बँडपुढे येतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पूर्ण गाणे ओवले की बँड कराओके होतो. समोरचे लोक पेटलेले असताना संथ भाग आणखी चार आवर्तने ताणता येत नाही. पॅटर्न बदलण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे. बहुधा बासवादक बरा, कारण त्याला पायाशी पेडल कमी असतात. त्याने बदल करण्याआधी मान वर करावी एवढा एकच इशारा ठरवावा.

मंचावर यंत्राचा स्पीकर कुठे ठेवला आहे यावर निम्मे यश ठरते. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. स्पीकर गिटारवादकापासून सहा मीटरवर असेल तर त्याला प्रत्येक ठोका सतरा-अठरा मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे २०० च्या गतीत एका घराचा जवळजवळ चतुर्थांश निघून गेलेला असतो. तो त्या उशिरा आलेल्या ठोक्यावर वाजवतो आणि प्रेक्षकांना गिटार मागे पडल्यासारखी वाटते. म्हणून किक आणि स्नेअरचा अ‍ॅम्प तिघांच्या पाठीशी, मध्यभागी, कमरेच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे जिथे ड्रमर बसला असता तिथेच.

विजेची काळजी वेगळी घ्यावी. एका छोट्या कार्यक्रमात दिवे क्षणभर लुकलुकले, यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झाले आणि १९० च्या गतीतल्या गाण्याच्या मधोमध त्याने स्वतःच्या मूळ १२० च्या गतीत पहिला पॅटर्न सुरू केला. आम्ही तिघे गोठलो. गायक तेवढा सावरला. त्याने तो संथ ठेका पकडून त्याच ओळी ओढत ओढत म्हटल्या, आणि नंतर दोघांनी येऊन तो भाग सर्वांत आवडल्याचे सांगितले. आता यंत्र बॅटरीवर चालते आणि प्रत्येक गाण्याची गती व घरे वहीच्या पानावर पेन्सिलीने मांडून ते पान अ‍ॅम्पवर चिकटवलेले असते. तो संथ भाग गाण्यात राहिला आहे.

राहता राहिला शेवट. ड्रमर शेवटच्या क्रॅश झांजेवर हात उचलतो आणि सगळे थांबतात; यंत्राला शेवट माहीत नसतो, ते सांगेपर्यंत वाजत राहते. त्याला समेवर थांबवण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाय एका घराने जरी चुकला तरी ते अडखळल्यासारखे दिसते. गिटार आणि बास आधी थांबवाव्यात, यंत्राला एकट्याने दोन आवर्तने वाजू द्यावे आणि मग कोणत्याही घरावर, स्नेअर पडायच्या ऐन आधी, त्याचे बटण दाबावे. न पडलेला तो स्नेअर सभागृहातल्या प्रत्येकाच्या कानात पडतो. टाळ्या सुरू व्हायला एखादा सेकंद जास्त लागतो, तेवढ्यात बासवादकाने पुढच्या गाण्याची गती लावून घ्यावी.