काडतूस बसतं, म्हणजे चालतं असं नाही

बंदूक दुरुस्तीच्या कामात नव्याने पडलेल्यांसाठी लिहितोय. परवाना, रजिस्टर, तेल-चिंधी हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या कोकणात रोजचं काम शेतीसंरक्षणाच्या बंदुकांचं, ठासणीच्या आणि एकनळी. पावसाळा सरला की नुसता गंज. मग कधीतरी फौजेतल्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर टेबलावर येतं आणि नातू म्हणतो, "भाऊ, याची काडतुसं मिळत नाहीत. दुसरी चालतील असं करून द्या ना."

इथे हात मागे घ्यायचा.

मला शिकवणाऱ्या मिस्त्रींचं म्हणणं होतं, काडतूस घरात (म्हणजे ते जिथे बसतं त्या चेंबरमध्ये) बसलं की उडतं. उडतं, खरंय, आणि घोळ तिथेच आहे. वेब्ली मार्क ६ हे ब्रिटिश फौजेचं रिव्हॉल्व्हर घ्या. १९१५ सालचं, .४५५ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप). दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या कित्येक वेब्लींची सिलिंडरं मागून तासली आणि त्यांत मून क्लिप (काडतुसं धरून ठेवणारी पातळ पत्र्याची चकती) लावून .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस घालायला लागले, कारण ते कुठेही मिळायचं. पण त्याचा दाब २१,००० पाउंड प्रति चौरस इंचापर्यंत जातो. .४५५चा त्याहून बराच कमी, आणि सिलिंडर त्या कमी दाबाच्या हिशोबाने घडवलेलं. पहिल्या बारांना काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो.

.३८मध्ये तर डोळ्यांदेखत फसायला होतं. ब्रिटिशांसाठी बनवलेल्या स्मिथ अँड वेसनवर पुष्कळदा '.३८ .७६७ ३½ टन' असा शिक्का असतो. .७६७ हा नंबर नव्हे, ती काडतुसाच्या कवचाची इंचांतली लांबी; टन हा दाबाचा आकडा. .३८ स्पेशल हे वेगळं काडतूस, त्याचं कवच १.१५५ इंच, म्हणजे लांब, पण अंगाने बारीक. लांबी बसावी म्हणून पुढे घर कोरलं तरी मागचा जुना रुंदपणा जात नाही. बार उडाला की कवच तिथे फुगतं, कधी उभं चिरतं. नावात दोन्हीकडे '.३८' आहे म्हणून मीही सुरुवातीला दोन्ही एकच धरून चाललो होतो.

व्हिडिओ बघून शिकलेला आणि 'हातालाच कळतं' म्हणणारा उस्ताद, माझ्या मते दोघं एकाच माळेचे मणी. मापाचं व्हर्नियर घ्या आधी, लेथ नंतर.

कायद्याचं थोडक्यात: शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५मध्ये दुरुस्तीसोबत हत्यारात बदल करणंही येतं, त्यालाही परवाना लागतो. आणि गिऱ्हाइकाच्या परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. तो बदललात तर तोही अडकेल, तुम्हीही.

नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती सोडा. नीट समजावलं की तोच माणूस पुढच्या वर्षी एकनळी घेऊन येतो. आमच्याकडे आलेत.

शिक्का घासून गेला असेल तर घराचं माप दोन ठिकाणी घ्या. मागे रुंद, पुढे अचानक अरुंद आणि लांब लागलं, तर आधीच कुणीतरी हात मारलाय. असं हत्यार साफसफाईलासुद्धा ठेवून घेऊ नका.