ध्यानाचा वर्ग काढण्याआधी

योगशिक्षकाचा कोर्स झाला की सांगली-मिरजेतली नवी मुलंमुली आधी आसनांचा वर्ग काढतात. थोडा जम बसला की पाटीवर 'ध्यान'ही चढतं, आणि मग विचारायला येतात, 'मॅडम, ध्यान शिकवायचं कसं?' विश्रामबागेत बरीच वर्षं सकाळचा वर्ग घेतल्यावर माझं मत असं झालंय की शिकवता येतं ते बसणं. फी घ्यावी तीही त्याचीच.

पतंजलींनी धारणा आणि ध्यान यांना वेगवेगळी सूत्रं दिली आहेत. चित्त एका जागी बांधणं ही धारणा, आणि तिथंच ते अखंड वाहत राहिलं की ध्यान. पहिलं करवून घेता येतं. दुसरं लागलं तर लागतं. योगा सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षेसाठी ही व्याख्या सगळे पाठ करतात, पण जाहिरातीत 'एकवीस दिवसांत ध्यान' लिहिताना ती कुणाला आठवत नाही!

विपश्यनेचं शिबिर एकदा तरी करा. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या शिबिरात दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन असतं, पहाटे चारला घंटा होते. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा. सूचना विपश्यनेचे आचार्य गोएंकागुरुजींच्या ध्वनिमुद्रित आवाजात, सगळ्यांना त्याच. तरी शेजारी बसलेल्या दोघांचं बसणं एकसारखं नसतं. पद्धत देता येते ती एवढीच.

वर्गात सतरंजीवर घडी घातलेली चादर बैठकीखाली द्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात. ज्यांना जमत नाही त्यांना खुर्ची द्या. श्वास एक ते दहा मोजायला सांगा, चुकला की पुन्हा एकपासून. मग गप्प बसा. नव्या शिक्षकाला शांतता सोसत नाही, तो मध्येच 'आता निळा प्रकाश पाहा' सुरू करतो.

आणि वर्गानंतर 'काय अनुभव आला?' हा प्रश्न टाळा. एका काकूंना ज्योत दिसली की दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाला दिसते, आणि ज्याला काही दिसत नाही तो बिचारा यायचा बंद होतो. बहुधा तोच नीट बसत असतो. मी विचारते, 'मन कुठं गेलं होतं? परत आणलंत का?' उत्तरात उसाचं बिल, सुनेचा फोन, गुडघा असं काहीही येतं. ते खरं असतं.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बॅच न्यायची हौस असते. न्या, पण सुरुवात तिथं नको. संगमावर सगळ्यांनाच छान वाटतं, आणि घरी कुकरची शिट्टी झाली की 'इथं नाही होत' म्हणून सुटका. त्यापेक्षा रस्त्याकडेच्या खोलीत, हॉर्न ऐकत बसू दे.

डोळे मिटल्यावर कुणी घाबरलं, फार रडू लागलं, तर त्याला 'शुद्धी होतेय' म्हणू नका. डोळे उघडायला लावा, थोडं चालवा, पुन्हा तसंच झालं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. आधीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्याबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार नाही.