जॅक्सन हाइट्सला नव्याने राहायला आलेल्यांसाठी: बाजारहाट आणि स्वयंपाक

सेव्हन ट्रेननं ७४व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलं की समोरच पोहे, तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं. न्यूयॉर्कला नवा आलेला माणूस तिथंच थांबतो आणि महिनाअखेरीला किराण्याचा हिशेब करून डोक्याला हात लावतो. शेजारच्या ७३व्या रस्त्यावर बांगलादेशी दुकानं आहेत. रूझवेल्ट अव्हेन्यूवर पुढे चालत गेलात की कोलंबियन, इक्वेडोरियन, मेक्सिकन, आणि मधूनमधून तिबेटी-नेपाळी. आपल्या घरात लागणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथं दुसऱ्या नावानं मांडलेल्या असतात. उलट काही गोष्टींचं नाव ओळखीचं आणि माल भलताच. फसगत होते ती इथे.

सर्वात मोठा गोंधळ मक्याच्या पिठाचा. भारतात सूप दाट करायला आपण जे कॉर्नफ्लोअर वापरतो, त्याला इथे कॉर्नस्टार्च म्हणतात. इथल्या कॉर्नफ्लोअरच्या पाकिटात मक्याचं साधं पीठ निघतं. त्याच रांगेत आणखी दोन पाकिटं असतात. मासा हारिना (माशाशी काही संबंध नाही) म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचं पीठ, टॉर्टियासाठी, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीसाठी. मासारेपा म्हणजे आधीच शिजवून वाळवलेल्या मक्याचं पीठ, कोलंबियन आणि व्हेनेझुएलन आरेपासाठी, म्हणजे मक्याच्या जाड भाकरीसाठी. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. मासारेपाचा टॉर्टिया तव्यावरून उचलतानाच तुटतो.

टॉर्टियासाठी २ कप मासा हारिना, पाव चमचा मीठ आणि साधारण दीड कप कोमट पाणी घ्या. मळून ओल्या फडक्याखाली २० मिनिटं ठेवा. गोळा दाबून पाहा: कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त. भाकरी थापणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. लिंबापेक्षा थोडे मोठे १५-१६ गोळे होतात. झिपलॉक पिशवी दोन बाजूंनी कापून तिच्यात गोळा ठेवा आणि जड सपाट भांड्यानं दाबा. तवा चांगला तापलेला हवा. पहिल्या बाजूला २०-३० सेकंद, कडा सुटल्या की उलटा, दुसऱ्या बाजूला मिनिटभर, मग परत उलटून बोटांनी हलकं दाबा म्हणजे फुगतो. तव्यावरून काढला की कापडात गुंडाळा आणि १० मिनिटं तसाच राहू द्या, वाफेनं मऊ होतो. गरमागरम थेट ताटात वाढला तर कडक लागतो आणि दोष पिठाला दिला जातो.

आरेपा सोपा. २ कप मासारेपा, अडीच कप कोमट पाणी, १ चमचा मीठ. पीठ पाण्यात घाला, पाणी पिठात नाही, नाहीतर गुठळ्या होतात. १० मिनिटांनी सेंटिमीटरभर जाड थापून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी ६-७ मिनिटं भाजा.

लांबलचक हिरवी केळी दिसतात ती प्लांटेन. ती पिकवून खायची वाट बघत बसू नका, ही शिजवायचीच केळी. हिरव्याचं साल हातानं सुटत नाही. दोन्ही टोकं कापून लांबीला तीन-चार चिरा द्या आणि मिठाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवून सोला. हाताला आधी तेल लावा, चिकाचे डाग जात नाहीत. बोटाच्या पेराएवढे तुकडे मध्यम तापलेल्या तेलात ३ मिनिटं तळा, वाटीच्या बुडानं चपटे करा आणि तेल आणखी तापवून कुरकुरीत होईपर्यंत पुन्हा तळा. एकदाच तळले तर आतून कोरडे राहतात. साल काळं पडलेलं प्लांटेन सडलेलं नसतं. ते गोड लागतं आणि राजेळी केळ्यांसारखं तुपात परतून छान होतं.

शेजारच्या टोपलीत मेण लावलेली तपकिरी कंदं असतात, युका. आपला साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चचा, त्यामुळे उपवासाला चालतं का हा प्रश्न ज्यानं त्यानं घरात सोडवावा. सालाखालचा गुलाबी थरही काढायचा, कच्चं कधीच खायचं नाही, २५-३० मिनिटं उकळून मधला दोरा काढून टाकायचा. कापल्यावर आत काळ्या रेघा दिसल्या तर शिळं आहे, परत करा. घाई असेल तर सोललेलं फ्रोजन घ्या.

गूळ हवाय? कोलंबियन दुकानात पानेला मागा, मेक्सिकनमध्ये पिलोन्सियो. उसाचाच, फक्त दगडासारखा. ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये २०-३० सेकंद ठेवला की सुरीनं तासता येतो. पुरण काळपट होतं, चव उत्तम. मेक्सिकन दुकानात मात्र नीट बघा, पानेला नावाचं चीजही असतं. पनीरऐवजी केसो ब्लांको हे पांढरं चीज चालतं, न वितळता तव्यावर परतता येतं. खारट असतं, भाजीत मीठ शेवटी. बेडगी मिरची मिळाली नाही तर ग्वाहिल्यो ही मेक्सिकन सुकी मिरची घ्या: रंग चांगला, तिखटपणा कमी.

मोमोच्या पाऱ्या म्हणजे मोदकाच्या हाताचंच काम: कडा पातळ, मध्य जाड. २५० ग्रॅम मैदा, १२५ मिली पाणी, अर्धा तास झाकून ठेवा. सारणातल्या कोबीला मीठ लावून १५ मिनिटांनी घट्ट पिळा. हे टाळलंत तर पारीचं बूड ओलं होऊन मोमो उचलताना फाटतो. वाफ १०-१२ मिनिटं, चाळणीला तेल लावून. आणि तिबेटी-नेपाळी दुकानात मिळणारा टिमुर आपल्या तिरफळाचा भाऊ. काळ्या बिया फेकून फक्त सालं भाजून कुटा. बांगड्याच्या आमटीत तिरफळाऐवजी घातला तर निम्माच घाला.

मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर इथे ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या इरुसिक आम्लामुळे ते खाद्यतेल म्हणून विकायला अमेरिकेत परवानगी नाही. बंगाली शेजारी तरी त्यातच इलिश मासा करतात, तुमचा निर्णय तुमचा. मोहरी वाटताना मात्र आधी २० मिनिटं भिजवा, हिरवी मिरची आणि मीठ घालून वाटा, फार वेळ मिक्सर फिरवू नका. कडू झालेलं वाटण दुरुस्त होत नाही.

राहिली फोडणी. बऱ्याच अपार्टमेंटांतला चुलीवरचा पंखा धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. तेल तापवण्याआधी खिडकी उघडा, कढईवर झाकण तयार ठेवा. धुराचा अलार्म वाजलाच तर त्याखाली टॉवेलनं वारा घाला, बॅटरी काढू नका.