अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी मैदानावर काय करावं

संध्याकाळी माझ्याकडे पोलीस भरतीची मुलं येतात, सकाळी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली. भरतीवाल्यांना काही पटवावं लागत नाही. 1600 मीटर घड्याळ लावून पळायचेच असतात. एमपीएससीवाल्यांचं पालुपद ठरलेलं: "सर, वेळ कुठंय?" हे त्यांच्यासाठी.

आधी मोजमाप. मैदानात 50 फुटांच्या अंतरावर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. घड्याळ मित्राकडे द्या आणि त्या बाटल्यांना वळसे घालत दोन मिनिटं जमेल तितकं झपझप चाला. पळायचं नाही. वळताना रेंगाळू नका, बरंचसं अंतर तिथंच हातचं जातं. एकूण किती फूट झाले ते वहीत लिहून ठेवा.

ही चाचणी माझ्या डोक्यातून आलेली नाही. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या अमेरिकेतल्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पात 22 ते 35 वयाच्या सुमारे 1200 जणांना असंच चालवलं आणि त्यांचे एमआरआयही काढले. ती माहिती जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी तपासली, निष्कर्ष 2019 साली आले. जास्त अंतर कापणाऱ्यांचं व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचं जाळं, जास्त सुघटित दिसलं. बुद्धीच्या चाचण्यांतही ही मंडळी सरस होती. पण लगेच उड्या मारू नका. चालल्यामुळे मेंदू तसा झाला, की मुळात धडधाकट असणाऱ्यांचं सगळंच बरं असतं, हे त्यावरून ठरत नाही.

ते ठरवायला आधी आणि नंतर असे दोन्ही स्कॅन लागतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण आणि मध्यमवयीन लोकांनी 6 आठवडे दमसासाचा व्यायाम केला. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग किंचित वाढला. मग 6 आठवडे व्यायाम बंद, आणि वाढ पुन्हा मूळपदावर! परीक्षेची तारीख लागली की मैदानावरून गायब होणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

तेव्हा आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. पर्वती चढा, तळजाईला जा, नाहीतर सायकल काढा. वेग इतका हवा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका. त्यावर वेगळं भाषण देत नाही.

माझी आवडती गोष्ट मात्र तीन चेंडूंची. 2004 साली जर्मनीत विशीच्या आसपासच्या तरुणांना तीन महिने तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं. मेंदूच्या हलत्या वस्तू टिपणाऱ्या भागात ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला पेशींचा भाग, वाढलेलं दिसलं. सराव सुटल्यावर तेही बरंच ओसरलं. यातून पाठांतर सुधारेल असं मी म्हणत नाही. पण पुस्तकातून मान वर काढायला याहून स्वस्त निमित्त मला माहीत नाही.

खोलीत पलंगाकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे पडलेला चेंडू गादीवर राहतो आणि सारखं वाकावं लागत नाही. चेंडू नसतील तर मोज्यांचे गोळे करा. आधी एकच गोळा डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमान काढत या हातातून त्या हातात टाका. तो जमला की दुसरा घ्या: पहिला सर्वांत वर पोहोचला की मगच दुसरा सोडायचा. नवखे घाईघाईत दुसरा गोळा सरळ आडवा हातात देतात. ती खोड मोडल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका. नजर वर ठेवा, हातांकडे बघू नका.

परीक्षेच्या महिन्यात मिनिटं कमी करा, दिवस कमी करू नका. अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं झाली तरी चालेल, पण बूट पायात चढले पाहिजेत. पेपरच्या दिवशी नवीन काही करू नका. केंद्र जवळ असेल तर रिक्षा थोडी अलीकडे सोडा आणि उरलेलं अंतर चालत जा.