करवल्यांचे कपडे घ्यायला निघण्याआधी

धाकट्या बहिणीच्या लग्नात पाच करवल्यांना एकसारखे घागरे घेतले होते. तीन एका रविवारी घेतले, उरलेले दोन बारा दिवसांनी. दुकान एकाच साखळीतलं, डिझाइन तेच, चिठ्ठीवरचा नंबरही तोच. दुकानात दोन्ही वेळा रंग मोरपंखीच दिसला. लग्नाच्या सकाळी लॉनवर उन्हात पाचजणी ओळीनं उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं की तीन घागरे हिरव्याकडे झुकलेत आणि दोन सरळ निळे आहेत. निळ्यातली एक सांगलीची मामेबहीण. ती दिवसभर फोटोत मागेच उभी राहत होती, कारण आपलाच चुकीचा आला असं तिला वाटलं. चूक तिची नव्हती, माझी होती. आता चुलतभावाचं लग्न ठरलंय आणि ही खरेदी पुन्हा माझ्याकडे आलीय, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

पहिली गोष्ट, आणि बाकी काही वाचलं नाही तरी चालेल: सगळे कपडे एकाच दिवशी, एकाच बिलावर, एकाच लॉटमधले, म्हणजे एकाच खेपेला रंगवलेले घ्या. कापड रंगवताना दर खेपेला थोडा फरक पडतोच. रंगाचं प्रमाण, पाणी, उष्णता, कापड किती वेळ आत राहिलं, सगळ्याचा परिणाम होतो. मोरपंखी, रामा, वांगी अशा मिश्र रंगांत तो लगेच डोळ्यांत भरतो. आणि साखळीच्या दुकानात तुमच्या मापाचा नग शाखेत नसेल तर दुसऱ्या शाखेतून मागवून देतात. सोय चांगलीच आहे, पण तो नग कुठल्या लॉटचा, हे काउंटरवरची मुलगी स्वतःहून सांगणार नाही. तुम्ही विचारा. पाचपैकी एक जरी बाहेरून येणार असेल, तर तो येईपर्यंत बाकीचे चार पक्के करू नका. पाचही समोर आले, की सगळे उचलून दुकानाच्या दारात न्या आणि दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी धरा. पुण्यात लक्ष्मी रोडवर आपल्या आज्या साडी दारात नेऊन बघायच्या, ते उगाच नव्हतं. दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात फुटू शकतात. संध्याकाळी सातला खरेदीला जाल, तर ही तपासणी करताच येणार नाही. सकाळीच जा.

एका दिवशी सगळं घ्यायचं, तर सगळ्यांची मापं त्याआधी हातात हवीत. माझं घोडं तिथंच अडलं होतं. नाशिकची आणि सांगलीची, दोघी ‘नंतर कळवतो’ म्हणाल्या आणि मी थांबले नाही. थांबा, किंवा त्यांच्या मागे लागा. ‘मला एम बसतो’ हे माप नव्हे, कारण प्रत्येक कंपनीचा एम वेगळा असतो. बाहेरगावच्या मुलीला तिच्या गावातल्या शिंप्याकडे पाठवा. छाती, कंबर, सीट, खांदा आणि कमरेपासून जमिनीपर्यंतची लांबी लिहून मागवा. लांबी चपला घालून मोजायची. लग्नात घालणार त्याच टाचेच्या चपला.

बजेट आधी ठरवा, हे सांगायला नको. पण माणशी आकडा ठरवताना कराची रेषा लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के. म्हणजे करापूर्वी २,५०० चा कपडा २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. पाच जणींचे झाले २,२१५ रुपये जास्त. चिठ्ठीवर छापलेल्या एमआरपीत कर धरलेलाच असतो, पण मापानं शिवून घेणार असाल तर सांगितलेली किंमत करासकट आहे का, हे आधी विचारा. बिल झाल्यावर वाद घालून काही मिळत नाही.

कधी जायचं? तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि त्यानंतर दुकानातला शिंपी तुम्हाला आठ-दहा दिवसांपुढची तारीख देणार. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा दसरा-दिवाळीची गर्दी सोडली तर दुकानं रिकामी असतात, सूटही बऱ्यापैकी असते आणि शिंप्याला वेळ असतो. पितृपक्षात तर गर्दी नसतेच. घरातल्या मोठ्यांना ते चालत नसेल तर मात्र हट्ट करू नका, श्रावणात जा. लक्ष्मी रोडला गाडी काढूच नका. मंडईला मेट्रो उतरवते, तिथून चालत जा. आणि नऊ जण जाऊ नका. नवरीची आई, एक करवली आणि पैसे देणारा माणूस एवढे पुरेत. दहा मतं झाली की दुपार जाते, मग ‘उरलेले पुढच्या आठवड्यात बघू’ असं कुणीतरी म्हणतं, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा लॉट आलेला असतो.

घालून बघताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका. हात डोक्यावर न्या, मांडी घालून बसा, दोन पायऱ्या चढा. करा-दिवा हातात धरून सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत उभं राहायचंय, तेवढा वेळ तो घागरा कमरेला पेलेल का, ते बघा. आत कॅनकॅन, म्हणजे कडक जाळीचं अस्तर असेल तर घेर छान दिसतो, पण उकाड्यात मुली वैतागतात. मग ब्लाउज उलटा करून आतली माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड बघा. दोन्ही बाजूंना इंचभर माया असेल तर सैल करता येतो. नसेल तर एक माप मोठा घेऊन आवळून घ्या. उलटं कधीच जमत नाही.

पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. अल्टरेशन फुकट का, कितव्या दिवशी मिळेल, आणि बदलून घ्यायची मुदत किती. एकदा कात्री लागली की सहसा कपडा परत घेत नाहीत, म्हणून लॉटची खात्री अल्टरेशनच्या आधी, नंतर नाही. बिलावर पाचही नगांचे नंबर लिहून घ्या. घरी आल्यावर गच्चीत सकाळच्या उजेडात पाचही परत एकदा शेजारी मांडा. हे मुदत संपायच्या आत करा. मी मांडले असते, तर बदलून घ्यायला चार दिवस होते.

मुलग्यांच्या कुर्त्यांना आणि बंड्यांनाही हेच लागू. लहान मुलांचे कपडे एक माप मोठे घ्या, लग्नापर्यंत वाढतात. दागिने, पिना, बांगड्या तुळशीबागेत मिळतील, पण कपडा हातात आल्यावरच जा, आणि जाताना ओढणी बरोबर न्या.

अल्टरेशन होऊन आलं की परत घालून बघा. इस्त्री करताना जरीची बाजू उलटी ठेवा. पिशव्यांवर नावं लिहा.