जुन्या सिनेमाची एलपी विकताना

घरातली जुन्या हिंदी सिनेमाची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड (तबकडी), विकायची असेल तर थेट चोर बाजार गाठू नका. तिथला दुकानदार पुढे विकायलाच घेतो, त्यामुळे भाव पाडूनच मागणार. आधी रेकॉर्ड खिडकीपाशी उजेडात तिरकी धरून पाहा. केसाएवढे बारीक चरे चालतात, पण नखाला लागणारा ओरखडा असेल तर सुई तिथे बहुधा टकटक करणारच. मग लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक टिपून घ्या. पहिली आवृत्ती की नंतरची, याचा माग बऱ्याचदा त्यावरून लागतो. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीचे आधीचे सौदे कितीला झाले तेही दिसतं. मागितलेला भाव बघू नका, मागायला काय, कोणी काहीही मागतं! ‘शोले’च्या गाण्यांची एलपी वेगळी, संवादांची वेगळी, असं काही असेल तर जाहिरातीत स्पष्ट लिहा. कव्हर फाटलं असलं तरी चिकटपट्टी लावू नका, संग्राहक त्यावरच नाक मुरडतात. कुरियरने पाठवताना रेकॉर्ड आतल्या कागदी पाकिटासकट कव्हरच्या बाहेर ठेवा आणि दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा, नाहीतर प्रवासात तिची कड कव्हरची शिवण फाडते.