गावातलं घर बाळासाठी कसं सुधारावं: सुरुवात जमिनीपासून

रांगणाऱ्या बाळाचं घर जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच असतं. भिंतीचा रंग त्याच्या काही कामाचा नाही. त्याचे हात आणि गुडघे दिवसभर जमिनीवर असतात आणि सापडेल ते तोंडात जातं. म्हणून घरात लहान मूल असेल आणि हाताशी पैसे थोडे असतील, तर ते आधी जमिनीवर खर्च करा, असं माझं ठाम मत आहे.

मेक्सिकोतल्या कोआहुइला राज्यात २००० साली ‘पिसो फिर्मे’ नावाची योजना सुरू झाली. सरकारने गरीब घरांतल्या मातीच्या जमिनीवर फुकट काँक्रीट टाकून दिलं. पुढे अभ्यासकांनी शेजारच्या, योजना नसलेल्या शहरातल्या घरांशी तुलना केली. त्यांच्या अंदाजानुसार संपूर्ण घराची मातीची जमीन बदलली, तर लहान मुलांमधला जंतांचा संसर्ग ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो. मुलांची आकलनशक्तीही सुधारलेली दिसली. ती घरं शहरातली होती, पण माती आणि जंतांचं नातं आपल्याकडेही तेच आहे.

१. खाली बसून घर बघा

बाळ जिथे जास्त वेळ असतं तिथे मांडी घालून बसा. कोंबड्या कुठे घाण करतात, ओल कुठून चढते, धूर कुठे साचतो, बाळाचा हात पाण्याच्या भांड्यात जातो का, हे बघा.

२. कोबा (काँक्रीटची जमीन) करा

शेणाने सारवल्यावर धूळ बसते, घर प्रसन्न दिसतं, आणि त्यामागे घरातल्या बायकांचे कष्ट असतात. तरीही मातीची जमीन धुता येत नाही. ती ओल धरते आणि त्या ओलीत जंतांची अंडी कित्येक महिने टिकतात.

काम पावसाळा संपल्यावर काढा. आधी वरची भुसभुशीत माती खरवडून काढा. चार इंच मुरूम टाका, पाणी मारा आणि धुमसाने चोपा. टाच आपटली तरी खड्डा पडता कामा नये. ओल चढत असेल तर त्यावर बारीक वाळू पसरून जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. आतली जमीन अंगणापेक्षा उंचच राहू द्या.

माल एक घमेलं सिमेंट, दोन घमेली वाळू आणि चार घमेली खडी या प्रमाणात कालवा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दोन इंच जाडीच्या कोब्याला साधारण साडेतीन ते चार पोती सिमेंट लागतं. माल पातळ करू नका. टाकायला सोपा जातो, पण कोबा कच्चा राहतो. चार-चार फुटांच्या पट्ट्या पाडून टाकलात तर तडे कमी जातात. दाराकडे दहा फुटांना एक इंच उतार द्या, म्हणजे धुतलेलं पाणी बाहेर जाईल. फार गुळगुळीत घोटू नका, ओल्या पायांनी मूल घसरतं.

यापुढचं काम सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं. दुसऱ्या दिवसापासून मातीचे छोटे बांध घालून निदान सात दिवस कोब्यावर पाणी साठवून ठेवा. पाणी न मिळालेल्या कोब्याची पुढे भुकटी निघत राहते आणि सगळा खर्च वाया जातो. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, तेव्हा हे दिवस बाळाला आजोळी किंवा शेजारी ठेवा.

सगळ्या घराला पैसे पुरत नसतील तर बाळ जिथे खेळतं तेवढीच जागा करा. तेही जमत नसेल तर तिथे शहाबादी फरशी बसवून घ्या.

जमीन तयार झाली की बाळाला झोळीतून खाली सोडा. रांगायला, धरून उभं राहायला, डबे वाजवायला मोकळी जागा मिळाली तरच हातापायांना आणि डोक्याला काम मिळतं. थंडीत गोधडी अंथरा, पण ती दर आठवड्याला धुऊन उन्हात वाळवा.

३. घाण उंबऱ्याबाहेर

कोंबड्यांचं खुराडं आणि शेळ्या घराबाहेर, चपला दाराबाहेर. बाळाची शी निरुपद्रवी असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. ती उकिरड्यावर नाही, संडासातच टाका आणि लगेच साबणाने हात धुवा. बाळाला भरवण्याआधीही हात धुवा.

४. धूर

धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. गॅस असेल तर निदान रोजचा स्वयंपाक त्यावर करा. सिलिंडर परवडत नाही म्हणून पुष्कळ घरांत अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच होते. अशा वेळी चूल पडवीत न्या किंवा धुराडं असलेली निर्धूर चूल बसवा. लाकडं सुकलेली वापरा, डाळ आधी भिजवा, म्हणजे ती लवकर शिजेल आणि चूल कमी वेळ पेटेल. चूल ओट्यावर घेतली तर भाजण्याचे अपघातही टळतात. आई चुलीपाशी असताना बाळ दुसऱ्या कोणाकडे द्या. यात घरातल्या पुरुषांनी हात दिला पाहिजे.

५. पाणी

पिण्याचं पाणी झाकून, उंचावर ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. पाण्याची शंका असेल तर खळखळून उकळा.

६. पैसे

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात घरकुलाला केंद्राच्या निकषाप्रमाणे १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. संडासाचं १२ हजारांचं अनुदान वेगळं. ग्रामसेवकाला भेटून यादीत नाव आहे का ते बघा. घरकुल मंजूर झालं तर भिंतीच्या गिलाव्याआधी कोब्याचे पैसे बाजूला काढा.

७. जंताची गोळी

जमीन पक्की झाली तरी मूल अंगणात, शेतात खेळणारच. जंतनाशक दिनाला अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते: एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पूर्ण, चुरून पाण्यातून. जुलाब लागले तर आशाताईंकडून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आणा. जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण १४ दिवस द्यायचं. बाळ मलूल झालं, पाणी पिईना किंवा शीतून रक्त पडलं, तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्या.